‘विज्ञानही श्रद्धाच’ या दाव्याचा प्रतिवाद

‘आम्ही देव मानतो, तुम्ही इलेक्ट्रॉन मानता, दोन्ही न पाहिलेलेच, तेव्हा विज्ञान हीदेखील एक श्रद्धाच,’ असा दावा सध्या सर्रास केला जातो. सामान्य माणूस शास्त्रज्ञांचे म्हणणे पडताळत नाही, निसर्ग नियमबद्ध आहे हे विज्ञान गृहीतच धरते आणि त्याचे निष्कर्ष सतत बदलतात, असे तीन आधार त्याला दिले जातात.

मी स्वतः इलेक्ट्रॉनचे वस्तुमान मोजलेले नाही, हे मान्य. पण ज्यांनी मोजले त्यांच्यावर पहारा कोणाचा, हा खरा प्रश्न आहे. सप्टेंबर २०१० मध्ये गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्या लायगो प्रकल्पातील मोजक्या जणांनी सहकाऱ्यांना न सांगता उपकरणांत कृत्रिम संकेत मिसळला. अशी परीक्षा होऊ शकते एवढेच इतरांना ठाऊक होते. त्यांनी कित्येक महिने विश्लेषण करून शोधनिबंधही लिहून ठेवला, आणि मार्च २०११ मध्ये खरे उत्तर असलेले बंद पाकीट उघडल्यावरच संकेत खोटा असल्याचे त्यांना कळले. आपल्याच माणसांची अशी परीक्षा घेणाऱ्यांवर मी विश्वास ठेवतो, तो आंधळा नव्हे.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. उद्याचा निसर्ग आजच्यासारखाच वागेल, हे तर्काने सिद्ध करता येत नाही. मात्र पेरणी करणारा शेतकरीही हेच गृहीत धरतो. ती विज्ञानाची खास श्रद्धा नव्हे. वेगळेपण आहे ते विज्ञान आपल्या नियमांना कसे वागवते यात. युरेनसची चाल न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाच्या नियमाशी जुळेना, तेव्हा फ्रेंच गणिती ल व्हेरिए यांनी न दिसलेल्या ग्रहाची जागा गणिताने काढली, आणि २३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिनच्या वेधशाळेत योहान गाले यांना नेपच्यून तिथून एका अंशाच्या आत सापडला. बुधाच्या कक्षेतही विसंगती दिसली, तेव्हा १८५९ मध्ये ल व्हेरिए यांनी त्याच रीतीने सूर्याजवळ आणखी काही वस्तुमान असावे असे सुचवले. त्या कल्पित ग्रहाला व्हल्कन हे नावही मिळाले. नियम तोच, गणिती तोच, पाठीशी एवढे मोठे यश, तरीही व्हल्कन सापडला नाही म्हणून सोडून द्यावा लागला. आणि शतकाला अवघ्या ४३ विकलांची (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) बुधाच्या कक्षेतली ती तफावत १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांनी उलगडली, ती न्यूटनचा नियमच अपुरा ठरवून. वारकऱ्याची विठ्ठलावरील श्रद्धा पावसाने ओढ दिली म्हणून मोडत नाही, आणि ती मोडावी असे मी म्हणतही नाही. ती परीक्षेला लावलेलीच नसते. न्यूटनचा नियम मात्र पहिल्यापासून परीक्षेलाच लावलेला होता.

राहिला बदलाचा मुद्दा. न्यूटनच्या नियमाने जे जे अचूक सांगितले होते, ते सर्व आइन्स्टाइन यांच्या नव्या सिद्धांतालाही सांगता यावे लागले, आणि अवकाशयानांचे मार्ग आखताना आजही बहुतांशी न्यूटनचीच सूत्रे वापरली जातात.