कृपया हात लावू नये

गोव्यात राहणाऱ्याला पाहुणे चुकत नाहीत. पूर्वीचे पाहुणे मात्र बरे होते. सकाळी मंगेशी, शांतादुर्गा, संध्याकाळी मिरामार, जाताना काजूगर; दोन दिवसांत सुटका. यंदा डिसेंबरात बायकोची भाची पुण्याहून आली आणि चपला काढता काढताच म्हणाली, "काका, मला बीच नकोय. गॅलऱ्या बघायच्यात."

फोंड्याहून पणजी गाठली. तिथे गाडी लावायला जागा मिळेपर्यंत माझी निम्मी रसिकता संपली. उरलेली आल्तिन्होची चढण चढताना गेली. सुनापरान्त हे कलाकेंद्र झालं, मग फोंताईन्हासच्या गल्ल्या, मग थेट पिळर्णची औद्योगिक वसाहत, कारण म्युझियम ऑफ गोवा तिथे आहे. ते २०१५ मध्ये उभं करणारे सुबोध केरकर मूळचे डॉक्टर, असं भाचीने सांगितलं. बायकोने लगेच माझ्याकडे पाहिलं. निवृत्तीनंतर मी फक्त वर्तमानपत्राची रद्दी उभी केली आहे.

खरी पंचाईत उभं राहण्याची. देवळात सगळं ठरलेलं असतं : घंटा, नमस्कार, प्रदक्षिणा, तीर्थ. चित्रासमोर किती वेळ थांबायचं? लवकर सरकलो तर अडाणी, रेंगाळलो तर मागचे खोळंबतात. शेवटी तोडगा काढला. मनात रामरक्षेचे दोन श्लोक म्हणायचे आणि पुढे व्हायचं. चित्र मोठं असेल तर चार. तिसऱ्या दालनात भाचीने माझे ओठ हलताना पकडले. बायकोला हसू आवरेना.

बऱ्याच चित्रांखाली 'शीर्षक नाही' लिहिलेलं. भाची म्हणाली, वासुदेव गायतोंडेही आपल्या अनेक चित्रांना नाव देत नसत, आणि त्यांचं तसलंच एक चित्र २०२१ च्या लिलावात जवळजवळ ४० कोटींना गेलं. (आमच्या आळीत आयुष्यभर दुसऱ्यांना नावं ठेवणारी माणसं आहेत. त्यांना कोणी चहाही पाजला नाही.)

घात झाला तो एका छोट्या गॅलरीत. छताला तारेने टांगलेली जुनी खिडकी, मागे पिवळा दिवा. सागवानी पट्ट्यांच्या खाचांत पापडासारखे पातळ शिंपले सरकवलेले. काच महाग होती त्या काळी गोव्यातल्या घरांना असलीच तावदानं असत. ऊन त्यांतून ताकासारखं पांढुरकं होऊन आत येई. एका शिंपल्याची कड मोडलेली होती आणि तिथून उजेडाची एक बारीक रेघ जमिनीवर पडली होती. मी श्लोक विसरलो.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "ही आपली."

आपली म्हणजे आपल्यासारखी. आमच्या घराला अशा बारा खिडक्या होत्या. पावसात लाकूड फुगतं, पल्ले लागत नाहीत, म्हणून ८७ साली मी त्या काढून काचा बसवल्या. भंगारवाला नेत नव्हता, म्हणून त्याला वर दहा रुपये दिले. बायको तेव्हा 'एक तरी ठेवा' म्हणत होती. तिथल्या मुलीने किंमत सांगितली. बायकोने ती मनात बाराने गुणली. मला समजलं, कारण बाजारात हिशेब करताना तिची बोटं अशीच पदराखाली हलतात.

परतीच्या वाटेवर गाडीत कोणी बोललं नाही. बांगडे घ्यायला थांबू या का, हा माझा प्रश्न तसाच हवेत राहिला.

दुसऱ्या दिवशी उठून बघतो तर परसातल्या खुराड्याचं झाकण गायब. बारावी खिडकी! अकरांचं भंगार झालं, ही मात्र कोंबड्यांच्या आसऱ्याने तगली होती. आता ती धुऊनपुसून हॉलमध्ये टांगली आहे, मागे झिरोचा बल्ब. खाली भाचीच्या अक्षरात 'कृपया हात लावू नये'. खुराड्यावर मी पत्रा टाकला.

रोज सकाळी चहाचा कप घेऊन मला तिच्यासमोर उभं राहावं लागतं. दोन श्लोक झाले की मी हलतो.

"मोठी आहे ती," स्वयंपाकघरातून आवाज येतो. "चार!"