आठ वर्षांचा लॅब, घर हवंय

नंदाने आल्या आल्या मोबाइल सगळ्यांपुढे फिरवला. "आठ वर्षांचा लॅब्रॅडॉर. नसबंदी झालीय, रेबीजची लस टोचलीय. शेल्टरच्या गेटला बांधून मालक पसार. कोण नेतंय?"

विन्याने फोटो धड पाहिलाही नाही. "म्हातारा आहे गं. पिल्लू असेल तर सांग. आणि हस्की आला तर पहिला फोन मला."

"वारज्याच्या वन बीएचकेत हस्की? एप्रिलमध्ये तू स्वतः बनियनवर बसतोस. त्याने अंगावरचा कोट कुठे काढून ठेवायचा?"

"एसी घेतोय ना!"

"आधी ते मासे परत आण," बापू म्हणाला. गोव्याला जाताना विन्याने फिश टँक शेजाऱ्यांच्या गळ्यात घातला, तो आजतागायत तिथेच आहे. मग गोव्याचे पैसे कोणी कोणाला दिले नाहीत, यावर जुनं महाभारत सुरू झालं. नंदाने ते मोडून काढलं.

विन्याचा पुढचा मुद्दा तयारच होता. "पण सुप्रीम कोर्टाने सगळी कुत्री शेल्टरमध्येच ठेवायला सांगितलीत. मग घर कशाला शोधायचं?"

"सगळी नाही रे. नोव्हेंबर २०२५ चा तो आदेश शाळा, हॉस्पिटलं, एसटी स्टँड, स्टेशनं असल्या आवारातल्या भटक्या कुत्र्यांचा आहे. फॉरवर्ड करण्याआधी वाचत जा. आणि शेल्टर भरणार म्हणूनच तर घरं हवीत. पाळलेलं कुत्रं पिंजरा अडवून बसलं, तर गाडीखाली आलेल्याला ठेवायचं कुठे?"

"सोडून जाणाऱ्यावर केस करा की," बापू तापला.

"होते ना. प्राण्यांच्या छळाविरुद्धचा १९६० चा कायदा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड जास्तीत जास्त ५० रुपये."

बापूने चहाच्या ग्लासांकडे पाहिलं. आमचा एका फेरीचा चहाही तेवढ्यात येत नाही.

मग नंदाने एक गोष्ट सांगितली. या लॅबपुढे भांडं ठेवलं तरी तो खात नाही. लाळ गळते, पण मान वर करून बघत राहतो. 'घे' म्हटलं की मगच तोंड लावतो. आठ वर्षांत कुणीतरी प्रेमाने लावलेली सवय आहे ही, आणि त्याच माणसाने त्याला गेटला बांधलं. मला याचा भयंकर संताप आला. विन्यासुद्धा मिनिटभर गप्प बसला, म्हणजे बघा.

अण्णा इतका वेळ पेपरमागे होते. "आमच्या वयाला कुत्रं झेपायचं नाही."

"अण्णा, पिल्लू झेपणार नाही. चपला कुरतडेल, रात्री रडेल, तुम्हाला पळवेल. हा घरात राहिलेला आहे, शी-शूला बाहेर नेतात हे त्याला कळतं. वजन ताब्यात ठेवायचं आणि जिने फार चढवायचे नाहीत, कंबर धरते या जातीची. पहिले काही दिवस कोपरा धरून बसेल. लगेच परत आणून सोडू नका, पुरता रुळायला दोनतीन महिने लागतात."

हेच आमच्या लोकांना पटत नाही. घरात दोघं साठीच्या पुढचे, आणि हवं असतं दोन महिन्यांचं पिल्लू! वयस्कर कुत्र्याइतकं त्यांना सोयीचं दुसरं काही नाही.

"पण आमचा सेक्रेटरी—"

"सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही. पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचना आहेत, प्रिंट देते."

अण्णांचा पेपर खाली आला. पार्किंगवरून त्या सेक्रेटरीशी त्यांचं पाच वर्षं वाजलेलं. "म्हणजे तो काहीच बोलू शकत नाही? कधी आणायचा?"

"सेक्रेटरीवर सोडायला देत नाही मी कुत्रा! आणि तुम्ही लेकाकडे बंगलोरला जाता तेव्हा कोण बघणार ते फॉर्मवर लिहावं लागेल. शिवाय शेल्टरची माणसं घर बघायला येतात."

"स्थळ बघायला आल्यासारखी? पोहे करायला सांगू हिला?"

"विन्याला तर तिथेही नकार मिळेल," बापू म्हणाला.

"तिथेही म्हणजे काय?" विन्या उसळला, आणि मग त्याच्या आजवरच्या नकारांची अशी उजळणी झाली की चहावाल्यानेही त्यात एक आठवण घातली. हसता हसता अण्णा खिशात चष्मा शोधत होते, फॉर्म भरायला.