हायब्रिड घेतली, कारण पार्किंग माझे नाही

दोन वर्षांपूर्वी आम्ही जुनी गाडी विकून पेट्रोल हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत विजेची मोटर आणि बॅटरीही असलेली गाडी घेतली, तेव्हापासून नातेवाईक, शेजारी आणि कार्यालयातील सहकारी यांच्यापैकी कुणी ना कुणी "ॲव्हरेज किती देते?" असे विचारतेच. तो आकडा मी खाली सांगितला आहे. पण निव्वळ त्या आकड्यावरून हायब्रिड, सीएनजी किंवा इलेक्ट्रिक यांपैकी एक निवडणे मला धोक्याचे वाटते, कारण माझ्या अनुभवात गाडी रोज कोणत्या रस्त्यावरून जाते आणि रात्री कुठे उभी राहते, यांवरच सगळा हिशेब फिरतो.

माझा रोजचा रस्ता कोथरूड ते हडपसर असा आहे. कर्वे रस्ता, स्वारगेट आणि पुढे सोलापूर रस्ता ओलांडताना गाडी धावते कमी आणि सरकते जास्त. अशा रस्त्यावर हायब्रिड खरोखरच कामाला येते. सिग्नलला इंजिन बंद असते, पुढची गाडी हलली की आपली गाडी विजेवर पुढे सरकते आणि ब्रेक दाबला की एरवी उष्णतेच्या रूपात वाया गेली असती अशी ऊर्जा बॅटरीत परत जाते. त्याच गर्दीत आमची जुनी ऑटोमॅटिक गाडी लिटरला अकरा किलोमीटर देत असे. ही एकवीसच्या आसपास देते. महिन्याला ९०० किलोमीटर आणि पेट्रोल १०४ रुपये लिटर धरले, तर दरमहा सुमारे चार हजार रुपये वाचतात. मात्र तशाच साध्या पेट्रोल ऑटोमॅटिक गाडीपेक्षा आम्ही सुमारे तीन लाख रुपये अधिक मोजले होते, त्यामुळे ती रक्कम वसूल व्हायला सहा वर्षांहून अधिक काळ लागणार. गाडी चार वर्षांत बदलणाऱ्यांनी माझ्याकडे प्रोत्साहनासाठी येऊ नये.

महामार्गावर चित्र बदलते. द्रुतगती मार्गावर एकाच वेगाने जाताना ब्रेक लागत नाही, म्हणून परत मिळवण्याजोगी ऊर्जाही फारशी नसते, आणि साध्या पेट्रोल गाडीपेक्षा लिटरमागे दोन-तीन किलोमीटरच अधिक मिळतात. घाटाचा अनुभव तर मला फारच शिकवून गेला. माझे सासर माणगावकडचे, त्यामुळे ताम्हिणी घाट नेहमीचा. उतरताना बॅटरी भरत जाते हे पाहून पहिल्यांदा फार आनंद झाला, पण अर्धा घाट उतरण्याआधीच ती भरली आणि उरलेला उतार, आता वेग इंजिनच रोखत असल्याने, त्याच्या गुरगुरण्याच्या साथीने पार पडला. मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर यांच्या हायब्रिड प्रकारांत बॅटरीची क्षमता ०.७६ किलोवॉट-तास असते. २०२० मध्ये आलेल्या टाटाच्या पहिल्या नेक्सॉन ईव्ही या इलेक्ट्रिक गाडीची ३०.२ किलोवॉट-तास होती. म्हणजे एका ठिकाणी वाटी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी हंडा. आपल्या वाटीत घाट मावत नाही, हे मी आता स्वीकारले आहे.

मग हंडाच का घेतला नाही, असा प्रश्न माझे नाशिकचे भावोजी मला प्रत्येक भेटीत विचारतात. त्यांचा स्वतंत्र बंगला आहे, छपरावर सौर पॅनेल आहेत आणि गाडी रात्री दारातच चार्ज होते. त्यांच्या जागी मी असते, तर हायब्रिडचा विचार क्षणभरही केला नसता. इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी पाच टक्केच आहे आणि घरच्या विजेवर किलोमीटरचा खर्च पेट्रोलच्या जवळपासही जात नाही. पण आमच्या सोसायटीत २४ सदनिका आणि पार्किंगच्या १५ जागा आहेत, आणि कोणती जागा कुणाला हे दर वर्षी चिठ्ठ्या टाकून ठरते. जी जागा वर्षभरच माझी आहे, तिथे स्वतःच्या मीटरवरून केबल ओढून चार्जर बसवणार तरी कसा? सार्वजनिक चार्जरवर रोज विसंबून राहायचे, तर खर्चातील फायदा बराच कमी होतो आणि वेळ जातो तो वेगळाच.

सीएनजीचा पर्यायही आम्ही गांभीर्याने पाहिला होता, कारण रोजच्या खर्चात ती माझ्या हायब्रिडच्या बरोबरीने, किंबहुना थोडी स्वस्तच पडते, आणि खरेदीची किंमतही कितीतरी कमी असते. सिलिंडरमुळे डिकी जाते ही तक्रार आता दोन लहान सिलिंडर तळाशी बसवलेल्या गाड्यांमुळे निम्मी झाली आहे. शिवाय बॅटरीमुळे माझीही डिकी लहानच आहे, तेव्हा त्याबाबत मी बोलू नये. आम्हाला अडवले ते पंपावरच्या रांगेने. एका कॅबचालकाने मला सांगितले होते, "ताई, रांगेत उभं राहायचा पगार कोण देत नाही, पण पेट्रोल भरलं तर घरी न्यायला काय उरत नाही." त्याच्या दृष्टीने हे गणित अचूक आहे, दिवसाला दीडशे किलोमीटर चालवणाऱ्याने सीएनजीच घ्यावी.

खरे तर मला लहान हायब्रिड हवी होती, आणि तीच मिळाली नाही. जपानमध्ये १९९७ साली टोयोटाची प्रियस ही हायब्रिड आली आणि पुढे ते तंत्र यारिससारख्या लहान गाड्यांतही उतरले. आम्ही शोधत होतो तेव्हा आपल्याकडे मात्र निव्वळ विजेवरही चालू शकणारी हायब्रिड चार मीटरपेक्षा लांब गाड्यांतच मिळत होती. (नावात 'हायब्रिड' असूनही ज्यांत मोटर इंजिनाला केवळ हातभार लावते, त्या गाड्या मी या हिशेबात धरलेल्या नाहीत.) करामुळे मोठी हायब्रिड आणि लहान पेट्रोल गाडी यांतील अंतर आणखी वाढले आहे. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी मोठ्या हायब्रिडवर उपकरासह ४३ टक्के आणि लहान पेट्रोल गाडीवर २९ टक्के कर होता. आता ते दर अनुक्रमे ४० आणि १८ टक्के आहेत. दोन्ही स्वस्त झाल्या, पण दोहोंमधील दरी १४ टक्क्यांवरून २२ वर गेली. चार मीटर आणि १,२०० सीसी यांच्या आत बसणाऱ्या पेट्रोल हायब्रिडलाही १८ टक्क्यांचाच दर लागतो, त्यामुळे गर्दीच्या शहरात सर्वाधिक उपयोगी पडेल अशी गाडी करातही लाभात राहील. युरोपातील यारिस लांबीने या मापात बसते, परंतु तिचे इंजिन दीड लिटरचे आहे. आपल्या मापाचे लहान इंजिन घेऊन कुणी अशी गाडी वाजवी किमतीत आणली, तर माझी गाडी विकून ती घेण्याचा विचार मी नक्की करीन.

आणखी एक सूचना, जी मला शोरूममध्ये कुणी दिली नव्हती. हायब्रिडमध्ये साधी १२ व्होल्टची बॅटरीही असते आणि ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. गाडी तीन आठवडे जागची न हलवता मी गावी राहिले आणि परतल्यावर शेजाऱ्यांकडून जंप स्टार्ट घ्यावा लागला. चूक माझीच होती.

सोसायटीच्या यंदाच्या वार्षिक सभेत सामाईक चार्जरचा विषय पुन्हा निघाला आणि पुन्हा पुढच्या सभेवर गेला. चिठ्ठीत मात्र मला या वर्षी मीटरखोलीपासून चार पावलांवरची जागा लागली आहे. पुढच्या वर्षी ती दुसऱ्या कुणाची असेल.