तबला सुरात हवा तर प्रवासात ढिला ठेवा

'तबला सुरात लावूनच बॅगेत भरा, ऐनवेळी धावपळ होत नाही' असा सल्ला तबल्यावरच्या एका लेखात वाचला, तो गणेशोत्सवाच्या दौऱ्यात तरी पाळू नका. पुण्यात लावलेला तबला रात्रभर प्रवास करून रत्नागिरीत काढला की उतरलेलाच असतो, दमट हवेत पुडी (तोंडावरचं कातडं) सैल पडते. उलट उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ती इतकी ताणली जाते की चाट (पुडीची कडेची पट्टी) गजऱ्यापाशी, म्हणजे काठाच्या चामडी वेणीपाशी, फाटते. म्हणून निघण्याआधी गट्टे (बाजूच्या चामडी पट्ट्यांखालचे लाकडी ठोकळे) थोडे वर सरकवून ताण कमी करा.

सभागृहात पोचल्यावर तबला लगेच ठोकायला घेऊ नका. खोळ काढून अर्धा-पाऊण तास रंगमंचावरच ठेवा, दिवे आणि एसी सुरू करून. तिथली हवा त्याला लागली की आधी गट्टे, मग गजरा ठोकून सूर लावा. गजऱ्याच्या एका घरावर (दोन पट्ट्यांमधल्या भागावर) हातोडी बसली की पुढची समोरच्या घरावर, नाहीतर सूर एकीकडे चढतो. ओल्या पुडीला हेअर ड्रायर मारणारे बरेच दिसतात. त्याने शाईला, म्हणजे मधल्या काळ्या गोलाला, भेगा पडून कपचे निघू शकतात.

गायक-गायिका दोघे असतील तर तबलेही दोन न्या. गायकाच्या काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला) सव्वापाच-साडेपाच इंची तोंड चालतं, काळी चारच्या गायिकेसाठी तोच तबला ओढूनताणून चालवू नका. हातोडी, पावडर, एक जादा वादी (चामडी पट्टी) बॅगेत हवीच. आणि तबल्याखाली ठेवायच्या चुंबळी! त्या नेमक्या घरी राहतात.