झटका बसला म्हणजे गिअरबॉक्स गेला? आधी डिपस्टिक तरी काढा

फोंडा-डिचोलीकडच्या ग्रुपांवर चतुर्थीच्या तोंडावर एक संदेश फिरतोय. सांगणं असं: दहा वर्षांवरची ऑटोमॅटिक गाडी गिअर बदलताना झटके देऊ लागली की गिअरबॉक्स संपला, मिळेल त्या किमतीला विका. ऑइल बदलू नका, बदललं की उरलासुरला गिअरबॉक्सही जातो. घालायचंच तर लाल दिसणारं कुठलंही चालतं. आणि घाट उतरताना न्यूट्रल करा, गिअरबॉक्सला आराम मिळतो. या चारांतलं एकच अर्धं खरं आहे, आणि तेही उलट्या बाजूने.

पहिला प्रश्न संदेश लिहिणाऱ्यालाच: कुठला गिअरबॉक्स? 2014 साली सेलेरियोत आला तो एएमटी. तो मुळात साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, क्लच दाबणं आणि गिअर टाकणं तेवढं यंत्र करतं. गिअर बदलताना हलका हिसका त्याला नवीन असल्यापासून आहे. 2008 च्या होंडा सिटीत टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून पुढे पोचवणारी पारंपरिक ऑटोमॅटिक. 2014 च्या सिटीत सीव्हीटी, म्हणजे पुल्यांवर फिरणारा पट्टा, तिथे ठरलेले गिअरच नाहीत. 2013 च्या पोलो जीटी टीएसआयमध्ये दोन क्लचचा डीएसजी. हे सगळे एकाच पोत्यात भरून ‘ऑटोमॅटिक गेली’ म्हणणाऱ्याने बॉनेट उघडलेलं नाही, एवढं नक्की.

टॉर्क कन्व्हर्टरवाल्या जुन्या गाडीपुरतं बोलू. झटका कधी बसतो ते आधी बघा. उभ्या गाडीत पी (पार्किंग) मधून डी (पुढे) किंवा आर (मागे) टाकताना ‘धप्प’ होत असेल, तर संशय इंजिन माउंटवर (इंजिन ज्या रबरावर बसतं त्यावर) किंवा वाढलेल्या आयडलिंगवर (उभ्या गाडीतल्या इंजिनच्या वेगावर) घ्या. हँडब्रेक ओढून, ब्रेक घट्ट दाबून एकाने डी-आर करावं आणि दुसऱ्याने बाजूला उभं राहून इंजिन बघावं. गाडीच्या पुढे उभं राहायचं नाही, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. इंजिन उचलून आपटत असेल, तर रबर फाटलंय. त्याचा खर्च गिअरबॉक्सच्या मानाने किरकोळ.

फर्मागुडीचा चढ चढताना गाडी थरथरते, तेव्हाही बोट गिअरबॉक्सकडेच जातं. पुष्कळदा गुन्हेगार एखादा थकलेला स्पार्क प्लग किंवा इग्निशन कॉइल असते. भाराखाली एक सिलिंडर चुकला की अगदी तसाच थरकाप बसतो. शिवाय आपली खारट, दमट हवा. बॅटरीची अर्थिंगची पट्टी, सोलेनॉइडचे (गिअर बदलणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हचे) आणि स्पीड सेन्सरचे कनेक्टर यांवर हिरवट-पांढरा थर बसतो, कंट्रोलरला चुकीचा सिग्नल मिळतो आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकून चालू लागते. ते मरण नव्हे. गिअरबॉक्स वाचवण्यासाठी गाडीने स्वतःच लावलेला तो लगाम असतो.

अशा वेळी दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर लावा, पण पी0700 एवढाच कोड वाचून ‘गिअरबॉक्स उतरवावा लागेल’ म्हणणाऱ्याकडे किल्ली ठेवू नका. तो कोड फक्त एवढंच सांगतो की खरा दोष ट्रान्समिशनच्या कंट्रोलरमध्ये नोंदलेला आहे, तिथे जाऊन वाचा. स्वस्त स्कॅनर तिथवर पोचतच नाहीत.

खरी काळजी कधी? इंजिनचे आरपीएम चढतात आणि गाडी पुढे सरकत नाही तेव्हा. किंवा डी टाकल्यावर दोन-तीन सेकंद काहीच घडत नाही तेव्हा. तिथेही पहिलं काम ऑइलची पातळी. ती कशी बघायची हे गाडीवर ठरतं: बहुतेकांत इंजिन गरम आणि चालू ठेवून, होंडात गरम करून, बंद केल्यावर लगेच. पातळी बघायची काडी, म्हणजे डिपस्टिक, पांढऱ्या कपड्यावर पुसा. तांबडं असेल तर बरं. काळपट आणि जळका वास असेल तर आतल्या क्लच प्लेट झिजल्यात. स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं गुलाबी-दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, पुराच्या पाण्यातून किंवा फुटलेल्या रेडिएटरमधून. मग गाडी चालवूच नका.

ऑइल बदलल्यावर गिअरबॉक्स जातो, हेच ते अर्धं खरं. लोक ऑइल बदलायला जातात कधी? गाडी घसरायला लागल्यावर. पुढच्या महिन्यात ती बसते आणि दोष ऑइलच्या माथी. मशीनने दाबाने केलेला फ्लश वर्षानुवर्षं दुर्लक्षित गिअरबॉक्सला त्रासदायक ठरू शकतो, हे कबूल. पण नुसता ड्रेन प्लग उघडून निघेल तेवढं काढून तेवढंच नवं भरणं, ही रीत सौम्य आहे. गिअर अजून नीट पडताहेत तोवर ते करून घ्यावं.

‘लाल दिसणारं कुठलंही’ हा सल्ला मात्र सरळ घातक. सीव्हीटीत साधं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं नेहमीचं लाल ऑइल) गेलं तर पट्टा घसरून पुल्या खराब होतात. एएमटीला तर मॅन्युअल गिअरबॉक्सचंच ऑइल लागतं. गाडीच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेला ग्रेड बघा, रंग नव्हे.

न्यूट्रलचं तर बोलायलाच नको. अनमोड किंवा चोर्ला घाट उतरताना गिअरमध्ये पाय उचलला की आजकालचं इंजिन पेट्रोल तोडतं. न्यूट्रलमध्ये आयडलिंगला ते प्यावंच लागतं, इंजिनचा अटकाव जातो आणि सगळा भार ब्रेकवर. एल किंवा 2 वर, म्हणजे खालच्या गिअरवर घ्या.

आणि गाडी घाटात बंद पडलीच, तर पुढच्या चाकांनी चालणारी गाडी ती चाकं रस्त्यावर ठेवून दोरीने ओढत नेऊ नका. इंजिन बंद म्हणजे आतला ऑइल पंप बंद, आणि चाकांबरोबर फिरणारे भाग कोरडे घासतात. पुढची चाकं उचलून न्या किंवा सरळ फ्लॅटबेड मागवा.