सहज, नैमित्तिक आणि नामानिराळे

पहिल्यांदा हे पक्कं करून घ्या की तुमचं दोघांचं जे चाललंय, म्हणजे नात्याचं नाव न देता ठेवलेले शरीरसंबंध, ते 'कॅज्युअल' आहे. मराठीत याला नेमका शब्द नाही म्हणून हळहळू नका. कॅज्युअल लीव्हला आपण नैमित्तिक रजा म्हणतो आणि कॅज्युअल लेबरला रोजंदारी, आणि दोन्हींत गोची आहे. नैमित्तिक रजेलाही अर्ज द्यावा लागतो. रोजंदारीवरच्या माणसाला संध्याकाळी निदान हिशेब तरी मिळतो. त्यापेक्षा उसना शब्दच बरा, त्यात अर्जही नाही आणि हिशेबही नाही.

'मला सीरियस काही नकोय हं' हे वाक्य पाठ असेलच. प्रश्न ते कधी म्हणायचं हा आहे. आधीच, कपडे अंगावर असताना, नीट समोर बसून म्हणालात तर समोरची व्यक्ती विचार करेल. विचार करून 'मग राहू दे' म्हणाली तर संध्याकाळ वाया. म्हणून आधी आठ-दहा भेटी होऊ द्या. पहाटेपर्यंत जागा, लहानपणी कोणी मारलं ते सांगा, त्यांचंही ऐका, कपाळावर आलेले केस हळूच मागे सारा. मग एका संध्याकाळी 'आपलं नक्की काय आहे?' असा प्रश्न आला की शांतपणे म्हणा, 'मी तर आधीच सांगितलं होतं.' खरंच सांगितलेलं असण्याची गरज नाही. 'होतं' या भूतकाळात फार ताकद असते.

या कलेला जुनी परंपरा आहे. महाभारतातला दुष्यंत घ्या. कण्व बाहेर गेलेले, आश्रमात शकुंतला एकटी. ती बिचारी आजकालच्या भाषेत अगदी 'क्लिअर' होती. तिने आधी अट घातली, माझ्या मुलाला युवराज करणार असशील तरच. राजाने विचार न करता होकार दिला, 'तुला न्यायला सैन्य पाठवतो' म्हणाला आणि गेला. सैन्य काही आलं नाही. पुढे ती मुलाला घेऊन दरबारात उभी राहिली, तेव्हा व्यासांनी त्याच्याविषयी एकच शब्द वापरलाय, 'स्मरन्नपि'. आठवत असूनही तो म्हणाला, मला आठवत नाही, तू कोण? वर तिलाच दुष्ट तापसी म्हणाला. म्हणजे 'तू जरा क्रेझीच आहेस' हेही नवं नाही. दुर्वासांचा शाप, हरवलेली अंगठी, मासा हे सगळं कालिदासाने नंतर घातलं. नायकाला इतकं उघडं पाडणं त्याला जड गेलं असावं. तुम्हाला शापाबिपाची गरज नाही, ब्लॉकचं बटण आहे. (आणि दुष्यंताचं ते गांधर्व का होईना, पण लग्नच होतं. तेव्हा 'म्हणून आम्ही म्हणतो लग्न करा' म्हणणाऱ्यांनी इतक्यात हुरळू नये.)

तत्त्वज्ञांच्या नादी लागू नका. कांट आपल्या नीतिशास्त्राच्या व्याख्यानांत सांगायचा की वासना शमली की माणूस पिळून घेतलेल्या लिंबासारखा फेकला जातो. आजन्म अविवाहित गृहस्थ, त्याला काय कळणार! दोघांनी एकमेकांना पिळलं की त्याला समता म्हणतात, हे त्याच्या काळी ठाऊक नव्हतं.

संशोधन मात्र जवळ ठेवा, पण अर्धंच. २०१५ साली अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांच्या एका अभ्यासात दिसलं की ज्यांनी स्वतःला हवं होतं म्हणून असे संबंध ठेवले त्यांचं काही बिघडलं नाही. इथे पान मिटा. पुढे लिहिलंय की दारूच्या भरात, कुणावर सूड म्हणून किंवा यातून पुढे काही होईल या आशेवर ज्यांनी ठेवले, त्यांचा आत्मसन्मान घसरलेला आणि चिंता-नैराश्य वाढलेलं आढळलं. समोरची व्यक्ती कोणत्या गटातली हे विचारायला बसलात तर मग 'कॅज्युअल' काय राहिलं?

मुलग्यांनी आणखी एक आकडा टाळावा. तिथल्याच महाविद्यालयांतल्या मुलींच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत पहिल्या हुकअपला, म्हणजे नात्याबाहेरच्या अशा भेटीत, कामतृप्ती मिळालेल्या मुली सुमारे ११ टक्के होत्या. नात्यात हाच आकडा ६७ च्या आसपास गेला. 'मजा तर दोघांनीही केली' हे वाक्य आयुष्यभर वापरायचं असेल तर हे वाचलंच नाही असं समजा.

तपासणी केली आहेस का, हेही विचारू नका, मूड जातो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात रोज दहा लाखांहून अधिक माणसांना बऱ्या होण्याजोग्या लैंगिक आजारांची लागण होते. त्यांचाही मूड छान असणार.

आता खरं काम. लोकांना वाटतं, कॅज्युअल म्हणजे आराम. छे! संसारी माणूस बेसावध राहू शकतो, तुम्हाला ती चैन नाही. मेसेज आला की लगेच उत्तर देणं म्हणजे आपण वाट बघत होतो हे कबूल करणं, त्यामुळे चाळीस मिनिटं थांबा. 'घरी पोचलीस का' किंवा 'पोचलास का' विचारू नका, ते काळजीत मोडतं. तापाने फणफणलेल्या माणसाला 'गेट वेल सून' पाठवा, औषध घेऊन जाऊ नका. बाथरूममध्ये त्यांचा ब्रश राहू देऊ नका. राहिलाच तर रोज सकाळी त्याच्याकडे बघत दात घासा आणि मनात म्हणा, ब्रश आहे, बाकी काही नाही.

अडचण एवढीच की या कराराची खबर शरीराला दिलेली नसते. मिठीत ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन स्रवायचं ते स्रवतंच. त्याला अटी आणि शर्ती वाचता येत नाहीत. पण तुम्ही निर्धाराचे पक्के. काही वाटलंच तर ॲसिडिटी समजा. रडू आलं तर हार्मोन्स म्हणा, दुसऱ्याला आलं तर 'तुला फीलिंग्ज आल्यात' असं म्हणा, अंगावर पुरळ उठावं तशा आवाजात. आणि त्यांनी तुमच्याच पद्धतीने तुम्हाला गायब करून टाकलं तर मित्रांना सांगा, बरं झालं, तसंही मला सीरियस काही नकोच होतं. मित्र मान डोलावतील. त्यांनीही कधीतरी हेच म्हटलेलं असतं.

रात्री एक वाजता फोन उजळेल, 'जागं आहे का कुणी?' असा. नाव तेच. चाळीस मिनिटं लक्षात आहेत ना? दिवा मालवा, फोन उलटा ठेवा. पाच मिनिटांनी सुलटा करून किती वाजले ते बघा, मग पुन्हा उलटा ठेवा. सहज.