औशाच्या स्टँडवर थांबलेला गोल

थोरली यंदा अकरावीला. रोज एसटीनं लातूरला कॉलेज आणि तिथूनच क्लास. पास फुकट आहे, अहिल्याबाई होळकर योजनेतला, त्यामुळं तिकिटाची चिंता नाही. चिंता संध्याकाळच्या फेरीची. ती कधी उशिरा येते, कधी येतच नाही. म्हणून माझा जुना मोबाइल तिला दिला आणि लोकेशनचं काय करता येईल ते बघायला दुकानात गेलो.

दुकानदार म्हणाला, "काका, दीड हजार द्या. असं ॲप टाकतो की पोरीला पत्ता बी लागणार नाही. मेसेज, फोटो, सगळं तुमच्या मोबाइलवर." खोटं कशाला बोलू, हात खिशात गेला होता. पण ते टाकायला आधी प्ले प्रोटेक्ट, म्हणजे घातक ॲप अडवणारी गुगलची राखण, बंद करावं लागतं म्हणाला, तिथं मी थबकलो. म्हणजे राखणदार आत घ्यायला आपणच दाराची कडी काढायची! अन् लेकीचे फोटो नेमके कुणाच्या सर्व्हरवर जाऊन पडणार? त्याला विचारलं तर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

घरी येऊन तिलाच शेजारी बसवलं. गुगल मॅप्समध्ये लोकेशन शेअरिंग फुकट आहे. तिनं 'बंद करेपर्यंत' हा पर्याय निवडला आणि माझ्या नकाशावर तिच्या फोटोचा गोल उमटला. तिच्या मोबाइलची बॅटरी किती उरली तेही दिसतं. व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन 15 मिनिटं, 1 तास किंवा 8 तास चालतं. एखाद्या दिवसापुरतं ते बरं. लेकरू 13 वर्षांच्या आतलं असेल तर गुगलचंच फॅमिली लिंक बघा, तेही फुकट.

इतकं करून आठवडा झाला नसेल, एका संध्याकाळी गोल वाटेतल्या औशाच्या स्टँडवर थांबला तो हलेचना. दहा मिनिटं, वीस मिनिटं. फोन लावला तर बंद. मी मोटारसायकल काढली आणि अंधारात औसा गाठलं. स्टँडवर सगळे बाक पालथे घातले, कंट्रोलरला विचारलं. तेवढ्यात घरून फोन, "अहो, पोरगी जेवायला बसलीय. तुम्ही कुठं हात?" तिची बॅटरी औशातच संपली होती आणि तिची बस वाटेत माझ्या समोरून गेली होती. गोलाखाली बारीक अक्षरात 'इतक्या मिनिटांपूर्वी' असं लिहिलेलं असतं. मी ते वाचलंच नव्हतं. आता आधी वेळ वाचतो, मग घाबरतो. तिच्या मोबाइलात मॅप्सला बॅटरी सेव्हरमधून सूटही देऊन टाकली, कारण तो सेव्हरही मागं चाललेलं लोकेशन गपचूप बंद पाडतो.

दुसरा प्रसंग सांगायला जरा लाज वाटते. भर दुपारी गोल क्लासशेजारच्या लॉजवर! बापाच्या डोक्यात काय काय येतं ते लिहीत नाही. क्लासच्या ऑफिसला फोन केला, तर पोरगी वर्गात टेस्ट देत होती. स्लॅबखाली उपग्रहाचा सिग्नल नीट पोचत नाही, मग मोबाइल टॉवर आणि आजूबाजूच्या वायफायवरून अंदाज बांधतो आणि चार इमारती इकडंतिकडं होतात. तेच छुपं ॲप असतं, तर मी कुणाला न विचारता घरी तमाशा केला असता, हे मला पक्कं माहीत आहे.

म्हणून माझं मत सांगतो, पटलं नाही तर भांडा: लेकराला सांगूनच लोकेशन लावा. चोरून लावलेलं कधी ना कधी कळतंच. मग मोबाइल मैत्रिणीच्या दप्तरात राहतो आणि लेकरू भलतीकडं. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांना आपल्यापेक्षा मोबाइल जास्त कळतो, हे रिचार्ज त्यांच्याकडूनच मारून घेणाऱ्या आपण बापांनी तरी विसरू नये. आणि पैसेच घालायचे तर ॲपवर घालण्यापेक्षा बॅटरी बदला. मी तेच केलं.

शिवाय 112 नंबर तिच्या मोबाइलवर पहिल्याच पानावर ठेवलाय. अँड्रॉइड 12 किंवा त्यापुढच्या फोनमध्ये सेटिंग चालू ठेवलं तर पॉवरचं बटण पाच वेळा दाबून मदत मागता येते. आमचा जुना आहे, त्यात ते नाही. साडेसहाच्या बसच्या वाहक ताईंचा नंबर मात्र तिच्याकडंही आहे आणि माझ्याकडंही.

हे सगळं ठरत होतं तेव्हा तिनं एकच अट घातली होती, "पप्पा, मग तुमचं पण लोकेशन मला पाहिजे." मी हसत दिलं. परवा सोयाबीन घालायला लातूरला आडतीवर गेलो होतो. काटा, पट्टी सगळं चारलाच उरकलं आणि पाहुण्यांसोबत गंजगोलाई चौकात बसलो गप्पा हाणत. सात वाजता फोन वाजला. "पप्पा, सोयाबीन गंजगोलाईत कधीपासून घ्यायला लागले?"